इंजिन बघायला अंबरनाथला

निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी कुठं कुठं जाऊन आल्या. एक चारधाम करून आली. एक दुबईचा उंच मनोरा बघून आली आणि तिची मान अजून दुखते. मी जानेवारीत अंबरनाथच्या एमआयडीसीत जाऊन आले, तेही डिझेल इंजिन बघायला, असं भिशीत सांगितलं तेव्हा शैला म्हणाली, “अगं, इंजिन बघायला एवढ्या लांब कशाला? कार्यालयामागं आहे की आपल्या.”

आहे खरं. फलटणला आमच्या गल्लीला लागून लग्नाचं कार्यालय आहे. त्याच्यामागं जनरेटर. ऐन लग्नात वीज गेली की तो असा काही धूर सोडतो की आमच्या दोरीवरची धुणी पुन्हा धुवावी लागतात. त्या इंजिनाला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्यात, पण त्याच्या पोटात नेमकं काय चालतं हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईचा आणि इंजिनाचा संबंध काय?

आणि खरं सांगायचं तर मी इंजिन बघायला गेलेच नव्हते. मला ताईनं पाठवलं होतं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्या शेजारच्याच घरात राहते. तिची मुलगी सायली गेली तीन वर्षं अंबरनाथच्या एका लहानशा कंपनीत इंजिनांवर काम करते. ताईचं म्हणणं, एवढं शिकून पोरगी गॅरेजात धूर खात बसलीय, त्यापेक्षा इथल्या कॉलेजात जागा निघालीय तिथं शिकवावं. “तुझं ऐकते ती. तिला घेऊनच ये,” असं म्हणून तिनं परतीची दोन तिकिटं माझ्या पर्समध्ये कोंबली. दोन. एक माझं आणि एक सायलीचं.

खरवई

सायली बदलापूरच्या कडेला खरवईत राहते. कालपरवापर्यंत इथं भातशेती होती म्हणे, आता इमारती आहेत आणि इमारतींच्या फटींतून डोंगर दिसतात. सकाळी नदीवरून धुकं येतं आणि गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल आदल्या दिवसापेक्षा ओला होतो. आमची थंडी कोरडी, खडखडीत. इथली थंडी अंगाला चिकटते.

दार उघडल्या उघडल्या सायली म्हणाली, “मावशी, आईनं तुला कशाला पाठवलंय ते मला माहीत आहे. आधी चहा घे.”

जेवणाच्या टेबलावर जेवणाची जागा नव्हती. दोन स्क्रीन, वायरी, आणि एका कोपऱ्यात सुकलेलं लिंबू. तिनं ते सगळं एका हातानं सरकवलं आणि सरळ मुद्द्यावर आली. सोमवारी जनरेटर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या मॅडम येणार होत्या. सायलीच्या टोळीनं तीन वर्षं जे बनवलं ते त्यांना इंजिनावर चालवून दाखवायचं. त्यांना पटलं तर काम पुढं जाणार. नाही पटलं तर मालकांनी सांगून ठेवलं होतं की इंजिनाची खोली पंप तपासायला द्यायची, म्हणजे सायलीचं काम तिथंच संपलं.

“आणि मग?” मी विचारलं.

“मग मी येते तुझ्याबरोबर. खोटं नाही सांगत. माझी बॅग तूच भर.”

म्हणजे मला समजूत घालायची नव्हती, वाद घालायचा नव्हता. नुसतं सोमवारपर्यंत थांबायचं होतं. मनात म्हटलं, बरं झालं, फुकटात काम होतंय. आता ते आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

आनंदनगर

शनिवारी ती मला कंपनीत घेऊन गेली. आनंदनगर एमआयडीसीत दर वळणाला वास बदलतो. एका वळणाला औषधाचा, पुढच्याला रंगाचा, मधेच कुठून तरी भाजलेल्या बिस्किटांचा, आणि त्यापुढं असा एक, ज्याचं नाव घ्यावंसं वाटत नाही. सायलीला त्यातला एकही येत नाही. “कसला वास?” म्हणाली.

शेड साधी, पत्र्याची. आत मात्र काचेची जाड भिंत आणि काचेपलीकडं इंजिन. त्याला इतक्या वायरी आणि नळ्या लावलेल्या की मुंडावळ्या बांधलेला नवरदेव बसलाय असं वाटलं. काचेच्या अलीकडं दोन माणसं. एक हरेश, उल्हासनगरचा सिंधी, सायलीचा कामातला जोडीदार. इंजिनाच्या सेटिंगचं सगळं तो बघतो. घाईत हिंदी बोलतो आणि माझ्याशी आवर्जून मराठी. दुसरा किसन, बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा. इंजिन चालू करणं, बंद करणं, त्याच्यावर लोड टाकणं त्याच्याकडं. मला बघून म्हणाला, “या मावशे. कानांना हे लावा, नायतर रातभर टुकटुक ऐकाल.”

इंजिन चालू झालं आणि सायली मला समजावून सांगायला लागली. ती सांगत होती ते मी माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर चूक माझी.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आधी नुसती हवा दाबतात. दाबून दाबून ती इतकी तापते की त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. पण लगेच नाही पेटत. जरा थांबतं.

“किती थांबतं?”

“पापणी लवायच्या कितीतरी आत. पण थांबतं. आणि ते थांबणं दर वेळी वेगळं.”

फवारा लवकर मारला तर जोर चांगला मिळतो, पण आत इतकं तापतं की हवेतला नायट्रोजनही जळून डोळ्यांना झोंबणारा वायू होतो. उशिरा मारला तर तो वायू कमी होतो, पण काजळी वाढते आणि डिझेल वाया जातं. एक दाबलं की दुसरं वर येतं. आणि हा निर्णय दर स्फोटाला नव्यानं घ्यायचा, सेकंदात डझनभर वेळा.

“मग घेतं कोण?”

सायलीनं टेबलावरच्या एका डब्याकडं बोट केलं. जेवणाच्या डब्याएवढा असेल. त्यात तिचं मॉडेल होतं. मॉडेल म्हणजे मूर्ती नव्हे, हिशोब. हवा किती, डिझेल किती, आत किती गरम, यावरून आतला जाळ कसा भडकेल, दाब किती चढेल, धूर किती होईल हे ते मांडतं आणि पुढचा फवारा कधी मारायचा ते सांगतं. हाच हिशोब बारकाईनं करायचा तर मोठमोठ्या कॉम्प्युटरांना एकाच स्फोटासाठी तासन् तास लागतात. हिचा हिशोब एक स्फोट झाला की दुसरा व्हायच्या आत तयार पाहिजे. उशिरा आलं तर उत्तर कितीही बरोबर असो, कामाचं नाही.

“तीन वर्षं काय केलंस मग?”

“टाकत गेले,” ती म्हणाली. “काय काय टाकलं तरी चालतं ते शोधत गेले.”

स्क्रीनवर दोन रेषा होत्या. हिरवी इंजिनातल्या दाबाची, खरी मोजलेली, कारण या इंजिनाच्या आत एक दाब मोजणारा सेन्सर बसवलाय. नारिंगी मॉडेलची, नुसती हिशोबातली. सेन्सर फार महाग आणि नाजूक. विकायच्या इंजिनात तो कोणी लावत नाही, तिथं या हिशोबावरच भागवायचं. मी बघत राहिले. हिरवी डोंगरासारखी चढायची आणि उतरायची, आणि नारिंगी तिच्या अंगावर अशी बसायची की दोन्हींची एकच रेषा दिसायची. लोखंडाच्या आत, जिथं कुणाचा डोळा पोचत नाही, तिथं जाळ होत होता, आणि माझी भाची, जिला मी पाढे पाठ करून घेतले, ती इथं बसून तो जाळ तो होत असतानाच मांडत होती. माझ्या अंगावर काटा आला. तसं मी तिला सांगितलंही.

“थांब, तुला खोट दाखवते,” ती म्हणाली आणि सकाळी इंजिन गार असतानाचं चित्र लावलं. तिथं नारिंगी रेषा हिरवीच्या आधीच चढत होती. थंडीत डिझेल पेटायला जास्त वेळ घेतं आणि मॉडेलला थंडी कळत नव्हती.

“स्वेटर घाल त्याला,” मी म्हटलं.

“तेच करतेय उद्या सकाळी.”

निघताना किसननं मला धुराचा कागद दाखवला. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा, गोल, पांढरा. धूर त्यातून ओढून घेतात. जितका डाग काळा तितकी काजळी. सकाळच्या कागदावर करड्या रंगाचा डाग होता, माझ्या धुवून आलेल्या पांढऱ्या साडीवर कार्यालयाचा धूर बसतो तसा.

चहा पिताना सायलीनं मला कामाला लावलं. तिच्या कामाला इंग्रजीत ‘रिअल टाइम’ म्हणतात, त्याला मराठी शब्द दे म्हणाली. मी शिक्षिकेच्या ऐटीत म्हटलं, “वास्तव काल.”

किसननं कप खाली ठेवला. “काल कशाला? ते तर आत्ताचं हाय ना? आत्ताच्या आत्ता.”

मी माझा शब्द मुकाट्यानं मागे घेतला.

उल्हासनगर

रविवारी पहाटे उठून सायलीनं मॉडेलला स्वेटर घातला, म्हणजे थंडीचा हिशोब त्यात बसवला, आणि तो कंपनीच्या डब्याकडं पाठवून दिला. मग आम्ही हरेशच्या घरी नाश्त्याला गेलो. उल्हासनगरात दुकानांच्या पाट्या वाचता वाचता माझी दमछाक झाली. एकाच पाटीवर तीन लिप्या. रविवार असूनही जीन्सचे गठ्ठे हातगाडीवरून चालले होते.

हरेशच्या आईला घरात अम्मा म्हणतात. आपल्याकडं पाहुण्याला गूळपाणी देतात, यांच्याकडं पापड आणि पाणी. मी पापड बाजूला ठेवला, म्हटलं जेवणात खाईन. अम्मा माझ्याकडं बघत राहिल्या. मग हरेश हळूच म्हणाला, “मावशी, तो आत्ताच खायचा असतो. नाहीतर अम्माला वाटतं तुम्ही रागावलात.” मी खाल्ला. मग दाल पकवान आलं. कुरकुरीत तळलेली मैद्याची पुरी, वर घट्ट हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. आमच्याकडं सकाळी एवढं तळलेलं कुणी दिलं तर लोक सुतक फिटलं का विचारतील. मी तीन खाल्ली.

निघताना अम्मा म्हणाल्या, “सुभाणे भी आना.”

मी विचारलं, सुभाणे म्हणजे? तर उद्या. मग काल? “काल्ह,” अम्मा म्हणाल्या. मला काय आनंद झाला. म्हणजे सिंधीतही आमच्यासारखंच, गेलेला दिवस वेगळा आणि येणारा वेगळा. हिंदीनं तेवढे दोन्ही एकाच पिशवीत भरलेत. मी हे सायलीला रिक्षात उत्साहानं सांगत होते आणि ती “हं, हं” करत फोनवर त्या दोन रेषा बघत होती.

बारवीच्या कडेला

दुपारी किसनच्या पाड्यावर पोपटी होती. भातं निघाल्यावर इकडं थंडीत पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधेमधे बटाटे आणि अंडी, आणि वर-खाली भांबुर्ड्याचा पाला. पाण्याचा थेंब नाही. तोंडात पाला कोंबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. मागं बारवीचं पाणी निळंशार, पलीकडं जंगल, आणि आम्ही त्या जाळाभोवती गोल बसलो. हरेशही आला होता.

मी विचारलं, “शिजलं ते कळणार कसं? मडकं तर उपडं.”

किसनची आई उठली, ओंजळीत पाणी घेतलं आणि तापल्या मडक्यावर थोडं शिंपडलं. पाणी सावकाश सुकलं. “आजून नाय,” म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा शिंपडलं. या वेळी चर्र झालं आणि थेंब दिसेनासा झाला. “झाला. काडा.”

“सायली मॅडमचं पन आसंच,” किसन म्हणाला. “झाकन न काडता सांगाचं आत काय चाल्लंय.”

सायली हसली नाही. ती खरंच विचारात पडली होती. “मला एवढं साधं जमलं पाहिजे,” एवढंच म्हणाली.

त्या शेंगांची चव मी काय सांगू? धुराची, पाल्याची, ओव्याची, आणि आतला दाणा लोण्यासारखा. मी हातात शेंगा घेऊन बसले होते तेव्हा हरेश जायला उठला. जाता जाता किसनला म्हणाला, “किसन, सुबह तू पहले पहुँचेगा ना? आते ही कल वाला मॉडेल डाल देना.”

“टाकतो,” किसन म्हणाला.

मी ते ऐकलं. स्वच्छ ऐकलं. आणि पुढची शेंग सोलली.

पुन्हा आनंदनगर

सोमवारी सकाळी मॅडम आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, पायात साधे काळे बूट. मालकांनी गरम इंजिनावर आधी दाखवूया म्हटलं तर त्या म्हणाल्या, “गरम तो सबका अच्छा चलता है. ठंडे पे दिखाइए. अस्पताल में बिजली जाती है तो इंजिन को गरम होने का टाइम कौन देता है?”

मला त्या आवडल्या आणि त्यांची भीतीही वाटली.

किसननं इंजिन चालू केलं. पहिल्यापासूनच मला ते बरं दिसेना. नारिंगी रेषा हिरवीच्या पुढं पळत होती. इंजिन खोकल्यासारखं करत होतं. बाहेर धुराड्यातून पांढरट धूर यायला लागला. मग मॅडमनी मान हलवली आणि किसननं एकदम लोड टाकला, म्हणजे अख्ख्या इमारतीची वीज एका दमात मागितल्यासारखं. इंजिनाचा आवाज खोल गेला, काचेची भिंत थरथरली आणि धूर काळा झाला. आमच्या कार्यालयाचाच धूर, मी लांबून ओळखला असता.

सायलीनं हात वर केला. इंजिन बंद झालं. किसननं कागद काढला. त्यावर काळाकुट्ट डाग होता.

मालक मॅडमना चहाला घेऊन गेले आणि जाताना त्यांनी इंजिनाच्या खोलीकडं असं पाहिलं की जणू त्यांना तिथं पंप दिसायला लागलेत. सायली खुर्चीत बसली आणि डोकं हातात धरलं. “थंडीचा हिशोबच चुकला माझा,” म्हणाली. “सगळंच चुकलं.”

माझ्या पर्समध्ये दोन तिकिटं होती. ज्यासाठी आले ते झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवत उभी राहिले. मागं हरेश आणि किसन हळू आवाजात बोलत होते. ते दोघं स्क्रीनकडं बघत होते, सायली जमिनीकडं. त्यांचे शब्द ऐकायला मीच काय ती रिकामी होते.

“मैंने बोला था ना, कल वाला डालना,” हरेश म्हणाला.

“तेच टाकलंय. कालचंच. शनवारचं.”

“हाँ तो फिर…” आणि ‘शनवारचं’ नीट न ऐकताच हरेश पुढं भलतंच काही बोलायला लागला.

“थांबा,” मी म्हटलं. “हरेश, कल वाला म्हणजे कुठलं रे?”

“कल का. मतलब आज दिखाने वाला. इतवार को बोला, तब आज कल था ना, मावशी.”

किसननं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. “तुमी उद्याचं बोल्लात? कल म्हंजे काल ना?”

सायलीनं डोकं वर केलं. उठून डब्याच्या स्क्रीनपाशी गेली. तिथं शनिवारचं मॉडेल होतं, बिनस्वेटरचं. रविवारी पहाटे पाठवलेलं तिथंच शेजारी पडून होतं, त्याला कुणी हातही लावला नव्हता. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि किसन बिचारा कानाला हात लावून उभा.

“अम्मा बोलती तो सुभाणे बोलती,” हरेश म्हणाला. “कोई गड़बड़ नहीं होती.” खरं होतं. त्यानं सिंधीत सांगितलं असतं तरी चुकलं नसतं, किसननं मराठीत ऐकलं असतं तरी चुकलं नसतं. दोघंही एकमेकांच्या सोयीसाठी तिसऱ्याच्या घरात बोलायला गेले आणि तिथं ठेच लागली.

सायली डोळे पुसून स्वतः मॅडमकडं गेली. मीही मागोमाग गेले, कारण मला राहवेना. तिनं काही लपवलं नाही. जुनं मॉडेल चढलं, का चढलं, सगळं सांगितलं. मॅडमनी चहा संपेपर्यंत ऐकलं.

“और नया वाला सही चलेगा, यह कैसे मानूँ?”

“मलाही माहीत नाही,” सायली म्हणाली आणि मग तेच हिंदीत म्हणाली. थंड इंजिनावर ते अजून एकदाही चाललं नव्हतं, आणि आता इंजिन तापलं होतं. ते गार व्हायला उद्या सकाळ उजाडणार. “उद्या आपण दोघी एकदमच बघू.”

मालकांनी डोळे मिटले. मॅडमनी कप बशीत ठेवला. “ठीक है, कल दिखाइए,” म्हणाल्या, आणि दारापाशी जाऊन मागं वळल्या. “आनेवाला कल.”

मंगळवार

मंगळवारी धुकं इतकं होतं की शेडचं दार जवळ गेल्यावर दिसलं. आत किसननं फळ्यावर खडूनं लिहून ठेवलं होतं: आत्ताचं. नव्या मॉडेलला त्यानं तेच नाव दिलं होतं. हरेशनं त्याला तीनदा विचारलं, “कौन सा डाला?” आणि किसननं तिन्ही वेळा फळ्याकडं बोट केलं.

इंजिन हातानं चाचपून बघितलं, थंडगार होतं. चालू केलं. पहिला धक्का, दुसरा, आणि हिरवी रेषा चढली. उशिरा चढली, थंडीत चढते तशी. आणि नारिंगीही उशिरा चढली. तिच्याबरोबर. मी सायलीचा हात धरला होता. रेषा हलायच्या, थोड्या वेगळ्या व्हायच्या, आणि पुढच्या स्फोटाला पुन्हा एक व्हायच्या. शिकत होतं ते. झालेल्या स्फोटावरून होणारा स्फोट ओळखत होतं. एका ‘कल’वरून दुसरा ‘कल’, आणि मधे एवढीशी जागा, तीत सगळा हिशोब. आदल्या दिवशी ज्या शब्दानं घात केला त्याच शब्दाचं काम ते यंत्र माझ्या डोळ्यांसमोर करत होतं आणि एकदाही चुकत नव्हतं.

“लोड,” मॅडम म्हणाल्या.

किसननं लोड टाकला. आवाज खोल गेला, एक श्वास घेतल्यासारखा, आणि वर आला. काच थरथरली नाही. मला राहवलं नाही, मी बाहेर पळाले आणि धुराड्याकडं मान वर करून बघितलं. धूर नव्हता. धुराड्याच्या तोंडावर धुक्यात एक भोक पडलं होतं आणि तिथली हवा नुसती थरथरत होती. चारधाम केलेल्या मैत्रिणीनं सांगितलं होतं, वर पोचल्यावर काही सुचतच नाही. मला तिथं पत्र्याच्या शेडबाहेर, कसल्याशा वासात, काही सुचेना. आयुष्यात मी देवळात हात जोडले ते बरेचदा सवयीनं. इथं ते आपोआप जोडले गेले.

आत आले तर मॅडम म्हणत होत्या, “अब सेन्सर निकालिए.”

सायलीनं हरेशकडं पाहिलं. हरेशनं वायर काढली. हिरवी रेषा नाहीशी झाली. आता इंजिनाच्या आत काय चाललंय हे बघणारं कुणी नव्हतं, फक्त नारिंगी रेषा, नुसता हिशोब, चढत आणि उतरत. मॅडमनी पुन्हा लोड टाकायला लावला, काढायला लावला, पुन्हा टाकायला लावला. इंजिन एकदाही खोकलं नाही.

किसननं कागद काढून मॅडमच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, बोटानं पुसून बघितला, आणि मालकांना म्हणाल्या, “यह कमरा किसी और को मत दीजिए.” तो कागद त्यांनी सायलीकडं दिला. सायलीनं तो मला ठेवायला दिला.

ते लोक बाहेर गेल्यावर ती म्हणाली, “मावशी, बॅग…”

“तुझी तू ठेव. मी माझी भरते.”

फलटण

परतीच्या प्रवासात माझ्या शेजारची सीट सायलीच्या नावाची होती. तिच्यावर अम्मांनी दिलेल्या पापडांचा मोठा पुडा बसून आला. कंडक्टरनं दोन तिकिटं आणि एक बाई बघून विचारलं, “दुसरं पॅसेंजर कुठाय?” मी म्हटलं, “कामावर आहे.”

ताई दारातच उभी होती. तिनं माझ्या मागं पाहिलं.

“सायली?”

“तिथंच आहे.”

ताईचा चेहरा उतरला. “मग आणलंस काय?”

मी पर्समधून तो गोल कागद काढून तिच्या हातात ठेवला. तिनं उलटा केला, सुलटा केला. आत जाऊन चष्मा लावून आली आणि पुन्हा बघितला.

“यावर काहीच नाही.”

“नाही ना. तीन वर्षं तुझी लेक तेच करत होती.”

ताई काही बोलणार होती, तेवढ्यात वीज गेली. कार्यालयात लग्न होतं. सनई थांबली, मागचा जनरेटर खोकला आणि भिंतीवरून तो नेहमीचा काळा लोट आमच्या दोरीकडं आला. दोरीवर ताईची पांढरी चादर होती. ताईनं धुराकडं पाहिलं, चादरीकडं पाहिलं, मग हातातल्या कागदाकडं पाहिलं. चादर काढायला मात्र ती गेली नाही.

“तिला फोन लाव,” ती म्हणाली. “म्हणावं, आई विचारतेय, हे आपल्याकडं कधी येणार?”